रक्तदाबाच्या मुळाशी

भाऊबीज झाली की आमच्या झाडीपट्टीत मंडयांचे दिवस येतात. ब्रह्मपुरी, सिंदेवाही, आरमोरी या पट्ट्यात रोज कुठल्या ना कुठल्या गावची मंडई असते. दिवसभर दुकानं, दंडार, लेकीबाळींची आणि पाहुण्यांची वर्दळ. रात्री मंडप टाकून वडशाच्या एखाद्या कंपनीचं नाटक, तेही उजाडेपर्यंत. गेली बावीस वर्षं मी या मंडयांमध्ये एक टेबल, चार खुर्च्या आणि बीपीचं मशीन घेऊन बसतो. चार खुर्च्या अशासाठी की आलेल्या माणसाला पाठ टेकून, पाय जमिनीवर ठेवून पाच मिनिटं गप्प बसवल्याशिवाय मी पट्टा बांधत नाही. तोंडात खर्रा असेल तर थुंकायला लावतो आणि अर्ध्या तासानं बोलावतो. तंबाखूतलं निकोटिन तेवढ्या वेळापुरता दाब चढवतं, आणि मग आकडा माणसाचा की खर्ऱ्याचा ते कळत नाही.

पहिल्याच वर्षी एक साठीचे गृहस्थ आले. अंगावर मांस नाही, पोट पाठीला लागलेलं, आयुष्यभर बांबूकटाई आणि धानाची शेती. हसत म्हणाले, "डाक्टरसाहेब, मी तं काडीवानी. मले कायचं बीपी?" आकडा होता १९२/११०. मी गोळ्या लिहून दिल्या, दवाखान्यात या म्हणून दोनदा सांगितलं. ते आले नाहीत. काहीच दुखत नसेल तर माणूस कामाचा दिवस बुडवून कशाला येईल? पौषात निरोप आला, अंगावरून वारं गेलं. उजवी बाजू आणि वाचा, दोन्ही एका पहाटेत गेली.

बीपी म्हणजे शहरातल्या, खुर्चीवर बसणाऱ्या, खात्यापित्या घरच्या माणसांचा आजार, असं मीही वैद्यकीय महाविद्यालयात शिकून आलो होतो. तो समज गडचिरोलीतल्याच एका अभ्यासानं पार मोडला. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' या संस्थेत मेंदूविकारतज्ज्ञ डॉ. योगेश कळकोंडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जिल्ह्यातल्या ८६ गावांमध्ये २०११ ते २०१३ या दोन वर्षांत झालेल्या प्रत्येक मृत्यूचं कारण शोधलं. एकूण १५९९ मृत्यू. त्यातले २२९ लकव्यानं, म्हणजे साधारण सातातला एक. मलेरिया, क्षयरोग, सर्पदंश यांच्यासाठी ओळखल्या जाणाऱ्या जिल्ह्यात मृत्यूचं पहिल्या क्रमांकाचं कारण लकवा निघालं. बहुतेकांनी प्राण घरीच सोडला होता. निष्कर्ष २०१५ मध्ये प्रसिद्ध झाले तेव्हा मी ते पुन्हा पुन्हा वाचले आणि दर वेळी मला ते काडीवानी गृहस्थ आठवले. लकव्याचं सर्वांत मोठं कारण वाढलेला रक्तदाब. मग प्रश्न असा उरतो की हा दाब या सडपातळ, कष्टाळू शरीरांमध्ये आला कुठून?

प्रकारांचं प्रकरण आधी उरकून घेतो. वरचा आकडा हृदय आकुंचन पावतानाचा, खालचा ते सैल पडतानाचा. दवाखान्यात शांतपणे, वेगवेगळ्या दिवशी मोजूनही १४०/९० किंवा जास्त येत असेल तर उच्च रक्तदाब म्हणायचं. अमेरिकेत २०१७ पासून ही रेघ १३०/८० वर आणली आहे. शंभरातल्या नव्वदाहून अधिक रुग्णांत एकच एक कारण सापडत नाही, तो प्राथमिक प्रकार. ज्यात बोट ठेवता येईल असं कारण सापडतं तो दुय्यम: मूत्रपिंडाचे विकार, त्याच्या धमनीचं आकुंचन, अधिवृक्क ग्रंथीच्या गाठी, थायरॉइड, झोपेत श्वास अडकणं, स्टेरॉइड आणि दुखण्यावरच्या गोळ्या. खोकल्यासाठी चघळलेलं ज्येष्ठमधही अति झालं तर दाब चढवतं. वयस्कर माणसांत धमन्या ताठ होऊन फक्त वरचा आकडा वाढतो. गरोदरपणातला वेगळा, आणि डॉक्टर दिसताच चढून घरी उतरणारा वेगळा.

एका शब्दाशी मात्र माझं जुनं भांडण आहे. 'हायपरटेन्शन'मधलं 'टेन्शन' म्हणजे धमनीच्या भिंतीवरचा ताण. आपण त्याचा अर्थ काळजी असा लावला आणि 'टेन्शन घेऊ नका' हे औषध होऊन बसलं. चिंतेनं, रागानं दाब घटकाभर चढतो हे खरं. पण शांत स्वभावाच्या, कुणाशी मोठ्यानं न बोललेल्या माणसाचाही २०० असू शकतो. "मले काई टेन्शनच नाई" म्हणून गोळी सोडणारे मी इतके पाहिले आहेत की हा शब्द मराठीत आलाच नसता तर बरं झालं असतं.

याच शब्दानं एका मुलीचं एक वर्ष घालवलं. वय एकवीस, तेंदूपत्त्याच्या हंगामात आईबरोबर पुडे बांधणारी. डोकं ठणकतं म्हणून ती आधी दोन ठिकाणी जाऊन आली होती. लग्नाची काळजी करते, टेन्शन आहे, असं सांगून तिला झोपेच्या गोळ्या दिल्या होत्या. तिच्या उजव्या हाताचा दाब निघाला १८६/११४. दुसरा हात तपासावा म्हणून डावं मनगट धरलं, तर नाडीच लागेना. बोटं उबदार, हात हलता, आणि नाडी नाही. हा ताकायासू आजार. मिकितो ताकायासू हे जपानचे नेत्रतज्ज्ञ. १९०८ मध्ये त्यांनी एका तरुणीच्या डोळ्यांतल्या रक्तवाहिन्यांच्या विचित्र गुंफलेल्या जाळ्याचं वर्णन केलं. या आजारात महाधमनी आणि तिच्या फांद्यांना सूज येऊन त्या अरुंद होतात. आशियातल्या तरुण स्त्रियांमध्ये तो जास्त दिसतो, आणि आपल्याकडे तरुण वयात दाब वाढण्याचं ते एक महत्त्वाचं कारण आहे. नागपूरच्या तपासणीत तिच्या एका मूत्रपिंडाची धमनी जवळजवळ मिटलेली निघाली. फुग्यानं ती रुंद केली, सुजेवर औषधं दिली. चार गोळ्यांवरची मुलगी एका गोळीवर आली. त्या दिवसापासून नव्या रुग्णाचे दोन्ही हात तपासल्याशिवाय मी उठत नाही.

मिटत आलेल्या धमनीनं सगळ्या शरीराचा दाब का वाढावा? १९३४ मध्ये अमेरिकेत क्लीव्हलंडला हॅरी गोल्डब्लाट यांनी कुत्र्यांच्या मूत्रपिंडाच्या धमनीला चांदीचा छोटा चिमटा लावून ती थोडी आवळली, आणि कुत्र्यांचा रक्तदाब चढला. मूत्रपिंडाला रक्त कमी पोचलं की ते समजतं, शरीरातलंच रक्त आटलं. मग ते रेनिन नावाचं द्रव्य रक्तात सोडतं, त्यातून पुढची साखळी सुरू होते, धमन्या आवळतात, मीठ आणि पाणी अडवून धरलं जातं. दाब हृदयात तयार होतो असं आपण समजतो. तो किती असावा हे दीर्घकाळ ठरवतं ते मूत्रपिंड. इथून पुढे मला थांबवणं कठीण आहे, कारण माझा जीव या अवयवात अडकला आहे.

एका मूत्रपिंडात सरासरी दहा लाख गाळण्या असतात, त्यांना नेफ्रॉन म्हणतात. दोन्ही मिळून दिवसाला सुमारे १८० लिटर द्रव गाळतात आणि त्यातला दीड-दोन लिटर सोडून बाकी सगळा परत घेतात. या गाळण्या आईच्या पोटातच तयार होतात, त्यातल्या निम्म्याहून जास्त शेवटच्या तिमाहीत, आणि साधारण छत्तिसाव्या आठवड्यानंतर एकही नवी बनत नाही. जितक्या घेऊन जन्मलो तितक्यांवरच आयुष्य काढायचं. माणसामाणसांत हा आकडा दोन लाखांपासून वीस लाखांवर जातो. २००३ मध्ये जर्मनीतल्या संशोधकांनी अपघातात दगावलेल्या वीस जणांच्या मूत्रपिंडातल्या गाळण्या मोजल्या. दहा जण रक्तदाबाचे, दहा नसलेले. रक्तदाबाच्या लोकांत सुमारे सात लाख, बाकीच्यांत चौदा लाख. निम्म्या! ज्याच्याकडे गाळण्या कमी, त्याला तेवढंच मीठ बाहेर टाकायला जास्त दाब लागतो. जास्त दाबानं उरलेल्या गाळण्या झिजतात, मग आणखी दाब लागतो.

गाळण्या कमी का पडतात, याचा माग इंग्लंडमध्ये जुन्या वह्यांमधून लागला. हर्टफर्डशायर परगण्यात एथेल मार्गारेट बर्नसाइड या सुईणींच्या प्रमुख होत्या. त्यांनी १९११ पासून तिथल्या बाळांचं जन्माचं आणि वर्षाचं वजन नोंदवायला लावलं. पुढे डेव्हिड बार्कर या संशोधक डॉक्टरांना त्या वह्या मिळाल्या. त्यांनी त्या बाळांचा साठ-सत्तर वर्षांनंतरचा ठावठिकाणा काढला आणि कमी वजनाच्या बाळांमध्ये मोठेपणी हृदयविकार जास्त असल्याचं दाखवलं. कमी वजनाचा रक्तदाबाशी असलेला संबंधही त्यांच्याच चमूनं १९८९ मध्ये मांडला. आपल्याकडे पुण्याच्या केईएम रुग्णालयात डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी १९९३ पासून सहा खेड्यांतल्या मातांचा आणि मुलांचा पाठपुरावा केला आणि बारीक दिसणाऱ्या भारतीय बाळात चरबी मात्र भरपूर असते हे जगाला सांगितलं.

आता गडचिरोलीतल्या वह्या पाहा. 'सर्च'च्या आरोग्यदूत बायका नव्वदच्या दशकात झोपडीत जाऊन नवजात बाळाला झोळीत घालून ताणकाट्यावर वजन करत आणि लिहून ठेवत. १९९५-९६ मध्ये ३९ गावांत अशी जी बाळं तपासली, त्यातली सुमारे ४२ टक्के अडीच किलोच्या आत होती. तीच बाळं आज तिशीत आहेत. त्यांच्या मूत्रपिंडात किती गाळण्या आहेत हे कुणी मोजलेलं नाही. पण माझ्या टेबलासमोर तिशीतला बारीक तरुण बसतो आणि काटा १५० वर जातो, तेव्हा मी त्याचं आजचं वजन विचारत नाही. विचारतो, "जन्मला तेव्हा केवढा होतास?" शेजारी आई असली तर ती हाताच्या वितीनं दाखवते. माझ्या मते जंगलातल्या काडीवानी माणसाच्या रक्तदाबाचं मोठं मूळ तिथे आहे, आईच्या पोटात.

त्या कमी गाळण्यांवर मग मीठ येऊन पडलं. जुनी माणसं सांगतात, व्यापारी मुठीभर मिठाच्या बदल्यात चारोळी घेऊन जात. मीठ इतकं मोलाचं की ते जपून वापरलं जाई. मीठ जवळजवळ न खाणाऱ्या माणसांचं काय होतं हे १९८८ च्या 'इंटरसॉल्ट' या अभ्यासात दिसलं. बत्तीस देशांतल्या ५२ ठिकाणची माणसं त्यात होती. ब्राझीलच्या जंगलातल्या यानोमामी लोकांचा सरासरी दाब ९५/६१, आणि म्हातारपणीही तो वाढत नव्हता. आज आमच्या आठवडी बाजारात मीठ स्वस्त आणि पाच रुपयांची कुरकुऱ्यांची पाकिटं माळेनं टांगलेली. वर सुकट, लोणचं, भातावर चोळलेलं मीठ. दिवसाला पाच ग्रॅम, म्हणजे चहाचा एक चमचा, ही जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा सकाळच्या जेवणातच संपते.

थोडं वाट सोडून बोलतो, कारण ही गोष्ट याच मातीतली आहे. सिरोंच्याकडे जाताना एका म्हाताऱ्या वैदूनं मला पळसाच्या पानात बांधलेलं एक वाकडंतिकडं मूळ दाखवलं होतं: सर्पगंधा. त्याचा उपयोग तो झोप न येणाऱ्यांसाठी आणि साप चावल्यावर करी. याच मुळावर कलकत्त्याच्या सेन आणि बोस यांनी १९३१ मध्ये लिहिलं. मुंबईचे डॉ. रुस्तम जाल वकील यांनी आपल्या रुग्णांवरचे अनुभव १९४९ मध्ये ब्रिटिश हार्ट जर्नलमध्ये मांडले, आणि जगाला रक्तदाबावरचं उपयोगी औषध मिळालं. १९५२ मध्ये त्यातून रेसरपिन वेगळं काढलं गेलं. पुढे काही रुग्णांना त्यानं खोल उदासी येते हे लक्षात आलं आणि ते मागे पडलं. म्हणून कुणी मूळ उगाळून पिऊ नये. साप चावला तर थेट दवाखाना गाठावा. गंमत अशी की आज मी सर्रास लिहितो त्या गोळ्यांचा एक गट ब्राझीलच्या जराराका या विषारी सापाच्या विषावरून सुचला. रेनिनची साखळी त्या गोळ्या मधेच तोडतात.

मागच्या वर्षी मंडईत एक आजी नातीला घेऊन आल्या. आजींचा दाब १७८/९६. नात सातव्या महिन्यात, सडपातळ, हातात जिलबीची पुडी. तिचाही दाब घेतला, ११८/७४. कार्ड मागितलं तर वजन ४३ किलो, लोहाच्या गोळ्यांच्या रकान्यात दोनच खुणा. आजींच्या गोळ्या मी लिहून दिल्या. नातीच्या कार्डावर आशाताईसाठी चिठ्ठी टाचली: दर पंधरा दिवसांनी वजन, दाब, अंगावर सूज आहे का, आणि बाळ झालं की त्याचं वजन मला कळवा. माघात आशाताईंचा फोन आला. दोन किलो सहाशे.