भाड्याच्या मोटारींची सफाई आणि तिचा दर

काळ्या पाटीवर पिवळी अक्षरे असलेल्या मोटारी गोव्याच्या रस्त्यांवर आपण नेहमी पाहतो. ह्या चालकाविना भाड्याने मिळणाऱ्या गाड्या. दाबोळीला किंवा मोपाला उतरलेला प्रवासी अशी गाडी चार दिवस फिरवतो आणि परत करतो. परत येते तेव्हा तिच्या पायपुसण्यांत कळंगुटची वाळू असते, आसनांवर ओल्या कपड्यांचे खारे डाग असतात आणि चाकांभोवती तांबड्या मातीचा थर बसलेला असतो. तीच गाडी संध्याकाळी दुसऱ्या प्रवाशाला द्यावयाची असते. मधल्या चार-पाच तासांत ती पुन्हा देखणी करून देणे, हा आज एक स्वतंत्र धंदा झाला आहे. त्याला 'डिटेलिंग' हा शब्द रूढ झाला आहे. गाडीचा कानाकोपरा स्वच्छ करून तिचे रंगरूप राखणे, एवढाच त्याचा अर्थ.

ह्या धंद्यात अनेक तरुण थोड्याशा भांडवलावर उतरतात. काम त्यांना उत्तम येते; अडते ते दरापाशी. अनेक गाड्या बाळगणारा एखादा मालक येतो आणि म्हणतो, "महिन्याला तीनशे धुलाया देतो, दोनशे रुपये दर लावा." आकडा ऐकून मन हुरळते, होकार दिला जातो आणि वर्षाच्या आत पाण्याचा पंप विकण्याची पाळी येते. असे का होते, ते हिशेबानेच पाहू. पुढील आकडे केवळ उदाहरणादाखल आहेत. प्रत्येकाने तेथे आपापले आकडे घालावेत.

एका गाडीला एका माणसाचा दीड तास लागतो असे धरा. पगार महिना पंधरा हजार; सव्वीस दिवस, रोज आठ तास, म्हणजे २०८ तास. तासाला सुमारे ७२ रुपये पडले. दीड तासाचे १०८, साबण, फडकी व इतर सामान ३५, पाणी व वीज १५. बेरीज १५८. दोनशेच्या दरात ४२ रुपये सुटतात, असे नवा धंदेवाईक समजतो.

ह्या हिशेबात दोन गोष्टी सुटल्या आहेत. पहिली अशी की, पगार २०८ तासांचा द्यावा लागतो, पण गाड्या काही घड्याळ लावून येत नाहीत. सकाळी दोन तास रिकामे जातात आणि दुपारी एकदम सहा गाड्या उभ्या राहतात. तीनशे गाड्या वेळेवर निघाव्यात म्हणून तीन माणसे ठेवावी लागतात. त्यांचा पगार पंचेचाळीस हजार. तो तीनशेंवर वाटला की गाडीमागे १५० रुपये येतात, १०८ नव्हेत. दुसरी गोष्ट जागेचे भाडे आणि यंत्रांची झीज. ही महिन्याला चोवीस हजार धरली, तर गाडीमागे ८० रुपये झाले. आता बेरीज करा : १५०, ३५, १५ आणि ८०, म्हणजे २८०. दोनशेच्या दराने गाडीमागे ८० रुपयांचा तोटा आणि महिन्याला चोवीस हजारांचा. ही तूट शेवटी कोणाच्या माथी बसते? दिवसभर पाण्यात हात घालून उभ्या असलेल्या पोरांच्या पगारावर. म्हणून २८० हा दर नव्हे, ती केवळ खर्चाची रेषा आहे. तीवर नफ्याचा पाचवा हिस्सा चढविला की दर ३३६ च्या आसपास येतो.

मग घाऊक गिऱ्हाइकाला सूट द्यावयाची नाही काय? अवश्य द्यावी, पण काम वाढल्याने खर्च जेवढा खरोखर उतरतो, तेवढ्याच मर्यादेत. त्याच जागेत तीनशेंऐवजी साडेचारशे गाड्या आल्या आणि चार माणसांत काम निभावले, तर पगार गाडीमागे १३३ वर व जागेचा भार ५३ वर येतो. सामान, पाणी आणि वीज मात्र तेवढीच लागतात. एकूण खर्च २३६ होतो. वाचले ४४ रुपये. सूट ह्यांतून द्यावी. साडेचारशेंचे आश्वासन देऊन दीडशेच गाड्या पाठविणारे मालकही भेटतात. म्हणून सवलतीचा दर महिन्याच्या गाड्यांच्या संख्येशी लेखी बांधून घ्यावा.

गोव्यात आणखी एक अडचण आहे, ती पावसाळ्याची. जून ते सप्टेंबर प्रवासी रोडावतात. गाड्या शंभरावर आल्या आणि माणसे तीच ठेवली, तर पगार व भाडे मिळून गाडीमागे ६९० रुपये होतात. वर सामान वेगळे. त्यातच चिखल अधिक आणि बंद गाडीत आसनांना बुरशी. ह्यावर उपाय एकच : दरमहा ठराविक किमान आकार. गाड्या कमी आल्या तरी तेवढी रक्कम मिळावी, असा करार हंगामापूर्वीच करावा. मालकालाही त्यात लाभ आहे, कारण ऑक्टोबरात गर्दी उसळते तेव्हा त्याला तयार माणसे आयती मिळतात.

दरपत्रकात कामाचे तीन प्रकार वेगळे दाखवावेत. दोन प्रवाशांमधली रोजची सफाई, आसने व गालिचे धुण्याची खोल सफाई, आणि गाडी विकण्यापूर्वीची रंगाची घासणी व चकाकी. ओकारी, पानाची पिचकारी, कुत्र्याचे केस किंवा मासळीचा वास ह्यांचा जादा आकार आधीच लिहून ठेवावा. गाडी ताब्यात घेताना चारी बाजूंची छायाचित्रे काढावीत. नाहीतर प्रवाशाने पाडलेला ओरखडा धुणाऱ्याच्या नावावर लागतो. मालकाची एक गरजही ओळखावी. गाडी अडून राहिली की त्याचे दिवसाचे भाडे बुडते आणि ते धुलाईच्या दराहून पुष्कळ मोठे असते. रात्री काम करून पहाटे गाडी देणाऱ्याने त्याचा वेगळा दर मागितला, तर मालकाला तो जड वाटू नये.

शेवटचा मुद्दा उधारीचा. दोन महिन्यांनी बिल चुकविणारा मालक आपल्या १,६८,००० रुपयांच्या खर्चावर धंदा करीत असतो. लघुउद्योगांसाठी २००६ साली झालेल्या कायद्याने नोंदणीकृत सूक्ष्म व लघु उद्योगाचे पैसे चुकविण्याची मुदत, करार असला तरी, पंचेचाळीस दिवसांपलीकडे नेता येत नाही. उशीर झाल्यास चक्रवाढ व्याज लागते. तेव्हा उद्यम नोंदणी करावी, बिलावर तिचा क्रमांक घालावा आणि मुदत स्पष्ट लिहावी.

मालक दर कमी करा म्हणेल, ते त्याचे कामच आहे. अशा वेळी आवाज चढवू नये की लाजूही नये. खर्चाचा कागद त्याच्यापुढे ठेवावा आणि ह्यातले नेमके कोणते काम वगळू, असे त्यालाच विचारावे. व्यवहारी मालक बहुधा तेथेच वाटाघाटीला बसतो. जो बसत नाही, त्याच्या गाड्या दुसऱ्याने धुतलेल्या बऱ्या.