कोबी कीं मोहरी?

पावसाळा सरून दसरा झाला, म्हणजे परसांतील भाजीपाल्याचे वाफे तयार करण्याची वेळ येते. गेल्या वर्षीं आम्हींहि बाजारांतून बियांची एक पुडी आणिली. तिजवर ‘कोबी’ हीं अक्षरें ठळक छापिलेलीं होतीं. रोपें उगवलीं, तीं वाफ्यांत लाविलीं आणि त्यांची निगा राखण्याचें काम धाकट्या बंधूकडे सोंपविलें. परंतु दीड महिना लोटला तरी एकाहि रोपाचा गड्डा वळेना. उलट मधला दांडाच उंच वाढूं लागला. पाणी वेळेवर घातलें नाहीं, खत दिलें नाहीं, असा ठपका आम्हीं त्या मुलावर ठेविला. तो बिचारा रडकुंडीस आला. रोपें उपटून टाकावयाचें ठरलें, इतक्यांत मातोश्रींनीं एक पान चुरडून हुंगलें आणि म्हणाल्या, “अरे, हा तर मोहरीचा पाला!”

त्यांचें म्हणणें खरें कीं पुडीवरील अक्षरें खरीं, हें ठरविण्यासाठीं आम्हीं मग रोपांकडेच नीट लक्ष दिलें. त्यांत जीं लक्षणें उपयोगी पडलीं, तीं कोणाहि विद्यार्थ्यास आपल्या परसांत पडताळून पाहतां येतील, म्हणून येथें देत आहों.

प्रथम बियांविषयीं. कोबी, फुलकोबी, नवलकोल, सलगम व मोहरी या सर्वांचें बीं बारीक, वाटोळें व काळसर-तांबूस असतें. त्यामुळें नुसत्या बियांवरून निवाडा करणें जाणत्यासहि कठीण. कोबी, फुलकोबी आणि नवलकोल हीं तर मुळांत एकाच जातीचीं रोपें होत. मनुष्यानें पिढ्यान् पिढ्या निवड करून एकाचीं पानें, दुसऱ्याचा फुलोरा व तिसऱ्याचा दांडा पोसला. मोहरी ही त्यांची चुलत बहीण. जपानांत संशोधन करणारे नागाहारू ऊ यांनीं १९३५ सालीं असें दाखविलें कीं, सलगमाची जात आणि मोहरीचीच एक दुसरी जात यांच्या संकरांतून आपली ही मोहरी झाली. पहिलीच्या पेशींत गुणसूत्रांच्या १० जोड्या, दुसरीच्या पेशींत ८ आणि मोहरींत १८. कोबींत मात्र ९ असतात.

पेशींतील हा भेद डोळ्यांस दिसत नाहीं. पानांतील भेद दिसतो. कोबीचें पान जाड, गुळगुळीत व निळसर हिरवें असून त्यावर मेणासारखा पातळ थर असतो. पाण्याचा थेंब टाकिला तर अळूच्या पानावरून घरंगळावा तसा तो घरंगळतो. आमच्या रोपांचीं पानें पातळ व हिरवीगार होतीं, थेंब त्यांवर पसरला, आणि खालच्या कोवळ्या पानांवर बारीक लव हातास लागली. दांड्यावरचीं पानेंहि पाहावीं. सलगमाचीं वरचीं पानें दांड्यास बिलगून बसतात. मोहरीचीं बुडाशीं निमुळतीं होऊन आंखूड देठावर असतात. आमचीं दुसऱ्या प्रकारचीं होतीं. रोप नवलकोलाचें असतें, तर जमिनीलगतचा दांडा कांद्यासारखा फुगला असता, तसेंहि नव्हतें.

पुढें पंधरा दिवसांत पिवळीं फुलें आलीं. चार पाकळ्या क्रूसाच्या आकारांत, आणि आंत सहा पुंकेसर, चार लांब व दोन आंखूड. यावरून केवळ कूळ कळतें. पाकळ्यांच्या या मांडणीमुळेंच वनस्पतिशास्त्रज्ञ त्यास पूर्वीं ‘क्रूसधारी कुळ’ अशा अर्थाच्या नांवानें ओळखीत. पण निर्णय झाला तो फुलांच्या वेळेवरून. कोबीस फुलावयाचें तर कित्येक आठवडे चांगली थंडी मिळावी लागते. म्हणून आपल्याकडील सपाट प्रदेशांत तो एका हंगामांत सहसा फुलत नाहीं, आणि त्याचें बीं हिमाचल व काश्मीर यांसारख्या थंड पहाडी प्रदेशांत तयार करितात. गड्डा न धरितां इतक्या लवकर फुललेलें रोप कोबीचें नव्हे, हें उघड झालें.

येथें एक सूचना अवश्य केली पाहिजे. रोपाची ओळख पटल्यावांचून पान चाखून पाहूं नये. पिवळा धोत्रा या रानटी रोपाचें बीं हुबेहूब मोहरीसारखें दिसतें. त्याचीं पानें काटेरी असतात व दांडा मोडल्यास पिवळा चीक येतो. १९९८ सालीं दिल्लींत या बियांच्या तेलाची मोहरीच्या तेलांत भेसळ झाली. तेव्हां अंगास सूज येऊन साठांहून अधिक माणसें दगावलीं. ओळख चुकली तर किती अनर्थ होतो, याचें हें उदाहरण होय.

आमच्या वाफ्यांतील रोपें अर्थातच उपटलीं नाहींत. कोवळ्या पाल्याची भाजी झाली, आणि शेंगा वाळल्यावर मातोश्रींनीं त्यांतील मोहरी फोडणीसाठीं बरणींत भरून ठेविली. दुकानदारानें पुढच्या खेपेस पुडी बदलून दिली. परंतु सर्वांआधीं आम्हीं धाकट्या बंधूची क्षमा मागितली. कारण त्यानें एक दिवसहि पाणी चुकविलें नव्हतें. यंदां नव्या पुडींतील दहाच दाणे त्यानें प्रथम कुंडींत पेरिले आहेत, आणि पुडी जपून ठेवून तिजवर पेरणीची तारीख लिहिली आहे. आमच्या विद्यार्थिमित्रांनींहि तसेंच करावें, आणि वाफ्यांत कांहीं विपरीत दिसल्यास माळ्यास बोल लावण्यापूर्वीं एकदां रोप पाहावें.