गोल पत्त्याचा हट्ट

दिवाळीच्या आधी रत्नागिरीतल्या स्टेशनरीच्या दुकानांत शाळकरी मुलांची झुंबड उडते. जाड कार्डपेपर, क्विलिंगच्या रंगीत पट्ट्या, चमकीच्या पेनांचा संच, फुलपाखराच्या किंवा चांदणीच्या आकाराचा पंच. पंचाची मूठ दाबली की एकसारखी फुलपाखरं टपाटप पडतात. मग ती रंगवायची, कार्डावर चिकटवायची आणि खाली आपल्या अक्षरात ‘शुभ दीपावली’ लिहायचं. अशा भेटकार्डाचा जीव त्याच्या चुकांत असतो. डिंक जरा बाहेर आलेला, ओळ जरा खाली घसरलेली. घेणाऱ्याला त्यात देणाऱ्याचा हात दिसतो आणि म्हणून ते कार्ड जपून ठेवलं जातं.

याच मुलखात कागदावर कागद चिकटवून, गोल कापून, कुंचल्याने रंगवून कार्डं करण्याचा एक जुना व्यवसाय आहे. त्याची अट मात्र याच्या नेमकी उलट आहे. कार्ड हातानेच करायचं, पण त्याच्या पाठीवर हाताची एकही खूण राहता कामा नये. तो व्यवसाय म्हणजे सावंतवाडीचा गंजिफा. सिंधुदुर्ग जिल्हा १ मे १९८१ रोजी वेगळा झाला, तोपर्यंत सावंतवाडी रत्नागिरी जिल्ह्यातच होती. त्यामुळे रत्नागिरीतून हातकामाच्या कार्डांचा माग काढत निघालेल्या माणसाने महामार्गाने दक्षिणेकडे जाऊन मोती तलावाकाठच्या जांभ्या दगडाच्या राजवाड्यात शिरावं, हे सरळच आहे.

राजवाड्याच्या दरबार हॉलमध्ये चित्रकार काम करत बसलेले असतात. पाहुणे येतात, वाकून बघतात, फोटो काढतात. चित्रकारांसमोर रंगाच्या वाट्या, बारीक कुंचले आणि तळहातात मावतील अशा चकत्यांची चळत असते. दशावतारी संचात अशा १२० चकत्या. दहा अवतारांचे दहा रंग, प्रत्येक रंगात एक राजा, एक प्रधान आणि एक्क्यापासून दश्शीपर्यंत दहा पत्ते.

इतिहास थोडक्यात सांगता येतो. गंजिफा इराणी वळणाचा खेळ. बाबराने १५२७ मध्ये सिंधच्या शाह हुसेनला गंजिफा पाठवल्याची नोंद त्याच्या आत्मचरित्रात आहे, आणि अकबराच्या पत्त्यांचं वर्णन अबुल फजलने ‘आइन-इ-अकबरी’त केलं आहे. मोगली संच ९६ पत्त्यांचा. हिंदू घरांत आणि दरबारांत त्याला दशावतारांचं रूप आलं आणि पत्ते १२० झाले. सावंतवाडीत हा खेळ तिसरे खेम सावंत यांच्या कारकिर्दीत, म्हणजे अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात, धर्मशास्त्राच्या चर्चेसाठी आलेल्या तेलंगणी पंडितांबरोबर आला असं सांगितलं जातं. त्यानंतर तो चितारी घराण्यांच्या हाती गेला. गावातल्या चितारआळीचं नाव आज लाकडी फळं आणि खेळण्यांसाठी घेतलं जातं, पण रंग, लाख आणि कुंचला यांची समज तिथे पिढ्यान्‌पिढ्यांची आहे.

गंजिफाची खरी गंमत पत्त्याच्या घडणीत आहे. आधी कागदाचे थर. त्यांना जोडायला चिंचोक्याची खळ लागते. चिंचोक्यांची साल काढून, त्यांचं पीठ करून ते पाण्यात शिजवलं की चिकट, गुळगुळीत खळ तयार होते. जुने बाइंडरही हीच खळ वापरत आणि कसर लागू नये म्हणून तिच्यात मोरचूद घालत. थर नीट दाबून वाळवले नाहीत तर कागद वाकडा होतो, आणि कोकणात वाळवणं हीच मोठी कसरत. पावसाळ्याचे चार महिने हवेतूनच ओल झिरपत असते. थर बसले की पृष्ठभाग घोटून गुळगुळीत करायचा, त्यावर रंगाचा हात, मग चित्र, आणि ओल व घाम आत शिरू नये म्हणून लाखेचा लेप.

मधली पायरी कापण्याची. एक चकती कात्रीने गोल कापणं कुणालाही जमेल. १२० चकत्या एका मापाच्या कापणं हे वेगळंच काम आहे. एखादा पत्ता केसभर मोठा राहिला तर तो चळतीतून बाहेर डोकावतो. एखाद्याच्या पाठीवर रंगाचा ठिपका राहिला, किंवा एकाची पाठ दुसऱ्याहून जरा गडद झाली, तर चाणाक्ष खेळाडू दुसऱ्या डावातच तो पत्ता ओळखतो. मग तो संच खेळाला निकामी. मुलांच्या पंचातून पडणारी फुलपाखरं जन्मतःच सारखी असतात. इथे तो सारखेपणा माणसाला नजरेने आणि बोटांनी कमवावा लागतो. पाठ एकरंगी आणि मुकी, पोट मात्र चित्रांनी भरलेलं, हे या पत्त्याचं सगळ्यात अवघड शिस्तीचं अंग आहे.

चित्रांचा हिशेबही मांडून पाहण्यासारखा आहे. एका रंगात एक्क्यापासून दश्शीपर्यंत मिळून ५५ चिन्हं. दहा रंगांची ५५०. मत्स्याच्या पत्त्यांवर मासे, कूर्माच्या पत्त्यांवर कासवं, परशुरामाच्या पत्त्यांवर परशू. त्याशिवाय दहा राजे आणि दहा प्रधान. राजाच्या पत्त्यावर खुद्द अवतार, प्रधान बहुधा घोड्यावर. एवढं सगळं गोलात बसवायचं. सात चिन्हं गोलात आपोआप छान बसतात, मध्ये एक आणि भोवती सहा. आठाला मध्य डळमळतो. दहा मासे बसवताना ते बारीक करावे लागतात, पण इतके बारीक नाही की खेळणाऱ्याला दिव्याच्या उजेडात नऊ की दहा याचा संभ्रम पडावा. चित्रकाराची कसोटी राजाच्या मुकुटात लागते असं पाहुण्यांना वाटतं. खरी कसोटी अठ्ठी, नव्वी आणि दश्शीत लागते.

गोल पत्त्याला कोपरा नसतो. आपल्या नेहमीच्या ५२ पत्त्यांत हातातला पंखा जरासा उघडला की कोपऱ्यातलं चिन्ह आणि अंक दिसतो. गोलाला ती सोय नाही. म्हणून प्रत्येक अवताराच्या रंगाची जमीन वेगळी ठेवतात, म्हणजे कडेची चंद्रकोर दिसली तरी पत्ता कुठल्या घराण्याचा ते कळतं. जमिनीची छटा चुकली तर चित्र कितीही देखणं असो, हातातल्या ४० पत्त्यांत गोंधळ होतो. पूर्वी हिंगूळ, हरताळ, नीळ, काजळी असे रंग होते, आता बाजारातले पोस्टर रंग वापरतात. छटा सांभाळण्याचं काम तेवढंच कडक राहिलं आहे.

खेळ तिघांचा. पत्ते कापडावर उपडे पसरून मिसळायचे आणि प्रत्येकाला ४० वाटायचे. हुकूम नाही. दिवसा खेळत असाल तर रामाचा राजा ज्याच्याकडे तो सुरुवात करणार, रात्री असेल तर कृष्णाचा. निम्म्या रंगांत दश्शी मोठी आणि एक्का लहान, उरलेल्या निम्म्यांत नेमकं उलट. कोणता पत्ता पडून गेला आणि कोणता अजून हातांत आहे हे १२० पत्त्यांत लक्षात ठेवायचं. पत्ता टाकताना अवताराचं नाव घेतलं जातं, म्हणून खेळताना नामस्मरणही घडतं असं जुने लोक मानत. ज्या घरात पत्ते निषिद्ध, त्या घरातही गंजिफाला जागा मिळाली, ती यामुळेच.

मग छापील पत्ते आले. लंडनच्या थॉमस द ला रू यांनी १८३१ मध्ये पत्ते छापण्याच्या पद्धतीचं पेटंट घेतलं आणि युरोपातून ५२ पत्त्यांचे स्वस्त, चकचकीत जोड जगभर पोचले. त्यांच्या पाठी यंत्रानेच सारख्या केलेल्या. चितारी ज्या गुणासाठी दिवसच्या दिवस घालवत होता, तो गुण यंत्राने फुकट देऊन टाकला. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत सावंतवाडीत हे काम जाणणारे जवळजवळ संपले.

उरले ते पुंडलिक चितारी. वय झालेलं, पण हातात सगळी कृती शाबूत. खळ किती घट्ट, लेप किती पातळ, दहा मासे गोलात कसे, हे कुठे लिहून ठेवलेलं नव्हतं. सावंतवाडीचे राजे शिवरामराजे भोसले आणि त्यांच्या पत्नी सत्त्वशीलादेवी यांनी त्यांना गाठलं. सत्त्वशीलादेवी बडोद्याच्या गायकवाड घराण्यातल्या, महाराजा प्रतापसिंहरावांच्या कन्या. त्या चितारींकडे स्वतः शिकायला बसल्या. शिकून झाल्यावर त्यांनी राजवाड्यातच कार्यशाळा उभी केली, गावातल्या मुलामुलींना शिकवलं, गंजिफाबरोबर लाखकामाच्या लाकडी वस्तूंनाही आसरा दिला. राजघराण्याने कलेला आश्रय दिला असं एका वाक्यात सांगून मोकळं होता येतं, पण त्याने पुंडलिक चितारींचा मोठेपणा झाकला जातो. कुळाचं ज्ञान त्यांनी कुळाबाहेरच्या हातांत दिलं. तसं केलं नसतं तर आज सावंतवाडीचा गंजिफा केवळ संग्रहालयाच्या काचेआड असता.

संग्रहालयांनीही आपलं काम केलं. मुंबईत १९३३ मध्ये आलेले जर्मन कलासमीक्षक रुडॉल्फ फॉन लायडन गंजिफाचे मोठे अभ्यासक झाले. लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियमने १९८२ मध्ये भारतीय गंजिफांवरचं त्यांचं पुस्तक प्रसिद्ध केलं. याच म्युझियमचे पहिले संचालक हेन्री कोल यांनी १८४३ मध्ये पहिलं व्यापारी ख्रिसमस कार्ड काढलं होतं. ते छापून हाताने रंगवलेलं होतं. भेटकार्ड आणि गंजिफा या दोन्ही कागदी वस्तूंचे धागे असे एकाच इमारतीत येऊन मिळतात.

आता अडचणींकडे यायला हवं, कारण त्या थोड्या नाहीत.

सत्त्वशीलादेवी २०१८ मध्ये गेल्या. पुढची पिढी राजवाड्यात काम सांभाळते आहे, वाड्याच्या एका भागात हॉटेल सुरू झालं आहे आणि त्याच्या सजावटीत गंजिफा आहे. २०२४ मध्ये सावंतवाडीच्या गंजिफाला भौगोलिक मानांकन मिळालं. ही आनंदाची गोष्ट आहे. पण मानांकन नावाचं रक्षण करतं, आणि तेही दहा वर्षांनी नूतनीकरण करत राहिलं तर. अधिकृत वापरकर्ता म्हणून एकेका कारागिराची नोंद व्हावी लागते. चित्र स्कॅन करून दुसऱ्या गावात कोस्टरवर छापणाऱ्याला कोण आणि कसं अडवणार, हा प्रश्न मोजक्या चित्रकारांना स्वतःच्या बळावर सोडवता येण्याजोगा नाही.

दुसरी अडचण मजुरीची. ५५० चिन्हं आणि २० आकृत्या रंगवायला लागणारा वेळ कमी करता येत नाही. छापील जोडाशी किमतीची बरोबरी होणार नाही, आणि व्हायचं कारणही नाही. पण गोव्याची सीमा इतकी जवळ असताना, हॉटेलातली नोकरी दर महिन्याला ठरलेला पगार देत असताना, तरुण मुलीने किंवा मुलाने बारीक कुंचला धरून वर्षानुवर्षं मान वाकवून का बसावं, याचं उत्तर कौतुकाने देता येत नाही. ते रोख द्यावं लागतं.

सगळ्यात खोल काळजी वेगळी आहे. आज गंजिफाचा संच घेणारे बहुतेक जण तो भेट द्यायला घेतात, नाहीतर काचेच्या कपाटात ठेवायला. गंजिफा हळूहळू भेटकार्ड होत चालला आहे. त्यात वाईट काही नाही, त्या पैशावरच चुली पेटतात. पण कपाटातल्या पत्त्याची पाठ कुणी बघत नाही. दश्शी आणि नव्वीत संभ्रम होतो का, हे कुणी तपासत नाही. जमिनीची छटा जरा सरकली तरी तक्रार येत नाही. पूर्वी खेळणारा हाच परीक्षक होता आणि तो निर्दय होता. तो नाहीसा झाला की कापण्यातली, घोटण्यातली, मुक्या पाठीची शिस्त केवळ चित्रकाराच्या सद्‌सद्विवेकावर उरते. आज ती शिस्त टिकली आहे ती शिकवणाऱ्यांच्या आग्रहामुळे. तो आग्रह पुढच्या पिढीत कशाच्या आधारावर उभा राहील?

म्हणून रंगांसाठी अनुदान आणि प्रदर्शनात गाळा मिळवून देणाऱ्यांनी खेळाकडेही बघायला हवं. विकल्या जाणाऱ्या प्रत्येक डबीत सोप्या मराठीत नियमांचा कागद असावा, कुठल्या रंगात दश्शी मोठी आणि कुठल्यात एक्का, हे चित्रासकट दाखवणारा. सिंधुदुर्ग आणि रत्नागिरीच्या शाळांत कार्यानुभवाच्या तासाला भेटकार्डं करतातच, तिथे साध्या पुठ्ठ्याच्या गोल चकत्या पंचाने पाडून एक मोगली संच मुलांकडून करून घेता येईल, ९६ पत्त्यांचा. तो त्याच वर्गात तिघातिघांनी खेळावा. आणि दरबार हॉलमध्ये रंगवणाऱ्यांना आठवड्यातून एक दुपार, पगारी, स्वतःच रंगवलेल्या पत्त्यांनी डाव मांडायला द्यावी. कुठला पत्ता पाठीवरून ओळखू येतो, हे त्यांच्याइतकं लवकर दुसऱ्या कुणाला कळणार नाही.