जुना चाकू, नवा खिळा : भाग बदलला की किंमत का उतरते?

(एकलहरे येथे दिलेल्या व्याख्यानाचं शब्दांकन)



एकलहऱ्यात येऊन भाग बदलण्याबद्दल बोलायचं म्हणजे जरा धाडसच आहे. समोर बसलेल्या कितीतरी लोकांचं आयुष्य त्यातच गेलंय. इथला पहिला संच १९७० साली सुरू झाला. तेव्हापासून ओव्हरहॉल म्हणजे काय, हे इथल्या पोरांनाही माहीत. बॉयलरच्या गळक्या नळ्या बदलल्या, टर्बाइनची झिजलेली पाती बदलली, की संच पुन्हा चालू. "आता हा अस्सल राहिला नाही हो," असं म्हणून कुणी हळहळत नाही. यंत्राची किंमत त्याच्या कामात असते.

आजचा विषय आहे खिशातला जुना घडीचा चाकू, आणि इथे नेमका हिशोब उलटा होतो. संग्राहक चाकू घेतो तो कांदा कापायला नाही. तो कुठे बनला, कधी बनला, कुणाच्या हातात होता, याचा पुरावा म्हणून घेतो. भाग बदलला की चाकू कदाचित जास्त चांगला चालेल, पण पुराव्यातलं एक पान फाटतं. किंमत उतरते ती या पानाची.

आपल्याकडे असे चाकू आले कुठून? लांब जायला नको. देवळाली कॅम्प इथून जवळच. १८६१ पासून तिथे ब्रिटिश फौजेची छावणी होती. फौजी चाकू तुमच्यापैकी काहींनी पाहिला असेल : एक रुंद पातं, एक डबा फोडायचं हत्यार, दोरीच्या गाठी सोडवायचा जाड टोच्या, एका टोकाला कडी, आणि मुठीवर काळी, चौकडीची खडबडीत फळी. दुसऱ्या महायुद्धातल्या चाकूवर बनवणाऱ्याचं नाव, साल आणि बाणाची सरकारी खूण सापडते. बाणाखाली इंग्रजी 'आय' अक्षर असेल, तर तो माल हिंदुस्थान सरकारचा.

आता चाकूची रचना बघा. पातं, पातं उघडं किंवा मिटलेलं धरून ठेवणारी पाठीची स्प्रिंग, आतल्या बाजूला धातूच्या पातळ पट्ट्या, बाहेर मुठीच्या दोन फळ्या. आणि हे सगळं बांधून ठेवणारे खिळे, म्हणजे रिव्हेट. जुन्या चाकूत बहुतेक वेळा स्क्रू नसतात. पातं किंवा स्प्रिंग बदलायची, तर खिळे काढावेच लागतात. खिळे काढले की फळ्यांना तडा जाण्याची भीती, आणि परत बसवताना खिळे नवे. एक भाग बदलायला गेलात, तरी हात चार भागांना लागतो.

सगळे भाग सारख्या मोलाचे नसतात. स्विस चाकूत दात कोरायची काडी आणि छोटा चिमटा असतो. ते ओढून काढता येतात, हरवतात, नवे घालता येतात. त्यांच्या बदलाने फारसं बिघडत नाही. मुठीची फळी बदलली तर बऱ्यापैकी फरक पडतो. पातं बदललं तर सगळ्यात जास्त. कारण शिक्का पात्यावर असतो. शेफिल्डच्या जोसेफ रॉजर्सच्या पात्यांवर तारा आणि क्रॉस ही खूण असते, आणि राजा किंवा राणीची आद्याक्षरंही सापडतात. मूठ व्हिक्टोरिया राणीच्या काळातली आणि पात्यावर जॉर्ज राजाची अक्षरं, असा चाकू हातात आला तर समजा, दोन चाकूंचा एक केलेला आहे. त्याची किंमत दोन चाकूंची होत नाही, एका पूर्ण चाकूचीही होत नाही.

घड्याळवाल्यांना हे पटकन कळेल. एचएमटीची जुनी घड्याळं घ्या. तबकडी नव्याने रंगवून, चकाचक करून विकायला ठेवलेली असतात. कंपनीने कधी काढलेच नाहीत असे रंगही दिसतात. वेळ बरोबर दाखवतात, पण संग्राहक त्यापेक्षा डाग पडलेली मूळ तबकडी पसंत करतो.

बदल ओळखायचा कसा? पहिलं, खिळ्याचं डोकं बघा. बाकी पितळ काळवंडलेलं आणि एकच खिळा पिवळाधमक, तर शंका घ्या. खिळ्याभोवती हातोडीचे ताजे घाव आहेत का, तेही बघा. दुसरं, पातं उघडून स्प्रिंगच्या पाठीवरून बोट फिरवा. मूळ जोडणीत पाठ बहुधा सपाट लागते, दुसऱ्याचं पातं बसवलं असेल तर पायरी जाणवते. तिसरं, सगळ्या भागांचं वय जुळतं का? मूठ झिजून गुळगुळीत आणि पातं कोरं, असं सहसा होत नाही.

एक कायद्याची गोष्ट. मूठ हस्तिदंताची किंवा सांबरशिंगाची असेल, तर विकायच्या भानगडीत पडण्याआधी वन विभागाला विचारा. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने अशा वस्तूंच्या व्यापाराला बंदी आहे. घरात जुनी आहे म्हणून विकायची परवानगी मिळत नाही.

आता माझी स्वतःची चूक सांगतो. माझे वडील फिटर होते. त्यांच्याकडे असाच एक फौजी चाकू होता, जुन्या बाजारातून घेतलेला. केबलचं आवरण सोलायचे, पेरू कापायचे. एका फळीला चीर गेली होती. वडील गेल्यावर मी तो हौसेने दुरुस्तीला दिला. नव्या फळ्या, नवे खिळे, वर पॉलिश. सुंदर दिसत होता. पुढे एका संग्राहकाला दाखवला, तर त्याने उलटसुलट करून एवढंच विचारलं, "जुन्या फळ्या आहेत का?" नव्हत्या. कारागिराने विचारलं होतं, मीच म्हणालो, टाकून द्या.

पैशाचं मला काही वाटलं नाही, विकायचा नव्हताच. पण त्या चिरलेल्या फळीवर वडिलांनी खिळ्याने आपला टोकन नंबर कोरला होता. तो चाकू त्यांचा होता हे सांगणारी तेवढी एकच खूण होती. आज तो चाकू कुणाचाही असू शकतो. मी सांगतो म्हणून माझ्या वडिलांचा.

इथे कुणीतरी विचारलं, "मग मोडलेलं तसंच ठेवायचं का?" चांगला प्रश्न आहे. वापरायचा चाकू असेल तर बिनधास्त दुरुस्त करा, त्यासाठीच तो आहे. पण जपायचा किंवा विकायचा असेल, तर आधी फोटो काढा. गंज पुसून हलकं तेल लावा, पॉलिशच्या चाकावर धरू नका, शिक्का झिजतो. भाग बदलावाच लागला तर जुना भाग डबीत घालून चाकूबरोबर ठेवा. आणि एका चिठ्ठीवर लिहा : काय बदललं, कधी, कुणी. विकताना ती चिठ्ठी दाखवा. भाव थोडा कमी येईल, पण घेणारा पुन्हा तुमच्याकडे येईल. लपवलेला बदल आज ना उद्या उघडा पडतो, आणि मग तुमच्या चांगल्या वस्तूवरही कुणी विश्वास ठेवत नाही.

घरी गेल्यावर जुनी पेटी उघडा. चाकू असेल, अडकित्ता असेल. हातात घ्या, उजेडात धरून नीट बघा, आणि दुरुस्तीला देण्याआधी त्यावर कुणी काही कोरलंय का, तेवढं तपासा.