थंड घराचे भाडे

गेल्या पौषातील गोष्ट. आमच्या वडील बंधूंची कन्या विवाहानंतर न्यूयॉर्क शहरी राहते. एके रात्री तिचा दूरध्वनी आला. बाहेर बर्फ पडत होते, घरात सात महिन्यांचे मूल होते, आणि भिंतीजवळचा लोखंडी रेडिएटर तीन दिवस थंडगार पडला होता. मालकाचे उत्तर ठरलेले : “दुरुस्ती चालू आहे.” स्वयंपाकाच्या गॅसची भट्टी पेटवून, तिचे दार उघडे टाकून ती मायलेकरे तिच्यापुढे बसली होती. शेवटी हलक्या आवाजात तिने विचारले, “काका, तक्रार केली तर आम्हांला घराबाहेर तर काढणार नाहीत ना?”

या एका प्रश्नात परक्या मुलुखातील भाडेकरूची सारी भीती सामावलेली आहे. आपल्यापैकी कित्येक घरांतील मुले-मुली आज त्या शहरी राहतात. म्हणून हा विषय वाचकांपुढे मांडणे उचित वाटते.

प्रथम भट्टीविषयी. बंद खोलीत कोळशाची शेगडी ठेवून निजू नये, ही आपल्या वडीलधाऱ्यांची शिकवण गॅसच्या भट्टीलाही लागू आहे. तिच्यातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइड वायूला ना रंग, ना वास. माणूस झोपेतच जातो. विजेची शेगडीही निर्धोक नव्हे. ९ जानेवारी २०२२ रोजी त्याच शहराच्या ब्राँक्स भागात एका १९ मजली इमारतीत अशा शेगडीतून आग लागली. आपोआप मिटावयाची दारे मिटली नाहीत, धूर जिन्यांतून वर चढला, आणि १७ माणसे प्राणास मुकली. त्यांत ८ मुले होती. तेव्हा घरात ऊब नसणे ही केवळ गैरसोय नव्हे, ते संकट होय.

आता कायदा पाहू. तेथील जुन्या इमारतींत तळघरात एकच मोठा बॉयलर असतो व त्याची वाफ नळांवाटे प्रत्येक बिऱ्हाडात जाते. त्याची किल्ली भाडेकरूच्या हाती नसते. म्हणूनच जबाबदारी मालकाची. न्यूयॉर्क शहराच्या नियमाप्रमाणे १ ऑक्टोबरपासून ३१ मेपर्यंत, सकाळी ६ ते रात्री १० या वेळेत बाहेरील तपमान ५५ अंश फॅरनहाइटच्या खाली उतरले, तर घरात निदान ६८ अंश, म्हणजे २० अंश सेल्सियस, ऊब असलीच पाहिजे. रात्री १० ते सकाळी ६ पर्यंत बाहेर कसेही असो, आत ६२ अंश हवेत. ऊन पाणी तर बाराही महिने द्यावयाचे. या नियमाचा भंग शहराच्या गृहखात्याने तत्काळ धोक्याच्या वर्गात घातला आहे.

ही दृष्टी पूर्वापार नव्हती. जुन्या इंग्रजी कायद्यात भाडेपट्टा म्हणजे जमिनीचा व्यवहार. छप्पर गळो वा भिंत पडो, भाडे द्यावयाचेच. १९७० मध्ये वॉशिंग्टन येथील अपील न्यायालयाने, न्यायमूर्ती जे. स्केली राइट यांच्या निकालान्वये, शहरातील भाडेकरू जमीन घेत नाही, राहण्याजोगे घर घेतो, हे तत्त्व मान्य केले. न्यूयॉर्क राज्याने १९७५ मध्ये ते कायद्यातच घातले. भाडेचिठ्ठीत काहीही लिहून घेतले, तरी हा हक्क सोडता येत नाही.

मग भाचीस—पुतणीस मी भाचीच म्हणतो, इतकी ती आमच्या घरी वाढली—काय सांगितले? पहिले, भट्टी विझव आणि खिडकी थोडी उघड. दुसरे, एक वही कर. दिवस, वेळ, आतील व बाहेरील तपमान लिहून ठेव. तिसरे, मालकास लेखी कळव. चौथे, ३११ या क्रमांकावर शहराकडे तक्रार नोंदव व शेजाऱ्यांनाही नोंदवावयास सांग. निरीक्षक येतो, मालकावर ठपका ठेवतो. तरीही तो न हलला, तर शहर स्वतः दुरुस्ती करवून खर्च त्याच्या माथी मारू शकते. शिवाय गृह-न्यायालयात दुरुस्तीचा हुकूम मागता येतो.

भाडे मात्र रागाच्या भरात बंद करू नये. मालक थकबाकीचा दावा लावील. त्या दाव्यात थंड घराचा बचाव मांडता येतो व न्यायालय भाड्यात सूटही देते. परंतु तोवर रक्कम शिलकीत बाजूस ठेवलेली असावी.

आणि घराबाहेर काढण्याची भीती? सद्हेतूने केलेल्या तक्रारीचा सूड घेणे तेथे बेकायदा आहे. तक्रारीनंतर वर्षाच्या आत मालकाने दावा लावला, तर तो सूडाचाच, असे प्रथमदर्शनी धरले जाते. तसे नाही हे दाखविणे मालकाकडे. मालक स्वतः राहतो अशा चारांहून कमी बिऱ्हाडांच्या घरांस मात्र हे कलम लागू नाही.

आपणाकडे ऊब मागण्याचा प्रसंग येत नाही. पण महाराष्ट्राच्या १९९९ च्या भाडे नियंत्रण कायद्यानेही सबळ कारणावाचून भाडेकरूचे पाणी वा वीज तोडण्यास मालकास मनाई केली आहे. तत्त्व एकच.

दुसऱ्या दिवशी त्या इमारतीतील नऊ बिऱ्हाडांनी तक्रारी नोंदविल्या. चवथ्या दिवशी रेडिएटर खडखडला. “काका, बाळ अंगरख्यावाचून खेळते आहे,” एवढेच ती म्हणाली. कायदा पुस्तकात होताच; त्याला कोणी हाक मारावयाची तेवढी राहिली होती.