लोगोला मिसरूड फुटलं!

‘सेऽऽगाऽऽ!’ टीव्हीतून येणारा हा कोरस आठवून ज्याच्या अंगावर अजून काटा येतो, त्याच्या पगारातून आज टीडीएस कापला जातो. गाडीचा ईएमआय चालू असतो, डोक्यावरचे केस विरळ व्हायला लागलेले असतात. आणि तरीही लंच टाइममध्ये मोबाइलवर गेम उघडताना तो आधी इकडेतिकडे बघून घेतो. बॉसने पाहिलं तर? ‘गेम म्हणजे पोरखेळ’ हे लेबल अंगाला चिकटेल ना!

पण मंडळी, टेन्शन घेऊ नका. या लेबलने फक्त तुमचीच झोप उडवलेली नाही. ते खरवडून काढण्यासाठी जगातल्या बड्या बड्या गेम कंपन्यांनीही जिवाचा आटापिटा केलाय. कुणी रंग बदलला, कुणी नाव, तर कुणी अख्खा डबाच!

दादा आणि बाळ्या

निन्टेन्डोचंच घ्या. १८८९ मध्ये क्योटोत सुरू झालेली ही कंपनी आधी पत्ते विकायची. फुलांची चित्रं असलेले हानाफुदा पत्ते. म्हणजे सुरुवात मोठ्यांच्या खेळानेच झाली होती. १९८३ मध्ये अमेरिकेतला व्हिडिओ गेमचा बाजार धाडकन कोसळला. दुकानदार ‘व्हिडिओ गेम’ हा शब्दही ऐकून घेईनात. मग १९८५ मध्ये निन्टेन्डोने तिथे आपलं मशीन नेलं, ते करड्या रंगात. कॅसेट व्हीसीआरसारखी समोरून आत सरकवायची आणि नाव काय, तर ‘एन्टरटेन्मेन्ट सिस्टीम’! गेम या शब्दाला चक्क दाराबाहेर उभं केलं.

मग आली सेगा. १९९१ मध्ये तिने सॉनिक नावाचा पळकुटा हेजहॉग आणला. त्याचा निळा रंग थेट कंपनीच्या लोगोतून उचललेला. अमेरिकेतल्या जाहिरातींचा सूर असा, की निन्टेन्डो म्हणजे घरातला बाळ्या आणि आम्ही म्हणजे कॉलेजात जाणारा दादा. टीनएजर खूश! पण दादागिरी फार टिकली नाही. २००१ मध्ये सेगाने कन्सोल बनवणं बंद केल्याचं जाहीर केलं आणि सॉनिक पुढे बाळ्याच्याच घरी, निन्टेन्डोच्या मशीनवर खेळायला लागला.

खरी धमाल केली सोनीने. १९९४ च्या डिसेंबरमध्ये जपानमध्ये प्लेस्टेशन आलं. मानाबू साकामोतोने केलेला त्याचा लोगो आठवा. पी ताठ उभा, आणि एस त्याच्या पायाशी सावलीसारखा आडवा. रंग लाल, पिवळा, हिरवट-निळा. अहो, बालवाडीच्या भिंतीवर असतात तेच! तरी कुणी त्याला बालिश म्हटलं नाही. कारण ब्रिटनमध्ये सोनीने हे मशीन नाइटक्लबांत नेऊन ठेवलं. १९९५ च्या ‘वाइपआउट’ला डान्स फ्लोअरवरचं संगीत दिलं आणि त्याची ग्राफिक्स ‘डिझायनर्स रिपब्लिक’ या शेफिल्डच्या स्टुडिओकडून करून घेतली. फंडा क्लिअर आहे. लोगो मोठा दिसतो की लहान, हे रंगावर कमी ठरतं. तो कुणाच्या शेजारी उभा आहे, यावर जास्त ठरतं.

जांभळा डबा, करडा लोगो

निन्टेन्डोला हे कळायला वेळ लागला. २००१ चा त्यांचा गेमक्यूब म्हणजे जांभळा चौकोनी डबा, वर उचलायला दांडी. शाळेत न्यायचा टिफिनच जणू! लोकांनी हसून घेतलं. गेमक्यूब विकले गेले २ कोटी १७ लाख, तर त्याच काळातला प्लेस्टेशन टू १६ कोटींपर्यंत पोचला. ‘झेल्डा’चा नवा अवतार कार्टूनसारखा दिसतो म्हणून खुद्द चाहत्यांनी बोंब ठोकली.

मग २००६ मध्ये आलं ‘वी’. मशीन पांढरंशुभ्र, नावात कंपनीचा उल्लेखच नाही आणि नावातले दोन ‘आय’ शेजारी शेजारी उभ्या दोन माणसांसारखे. त्याच सुमारास निन्टेन्डोने स्वतःचा लाल लोगोही करडा केला. शांत, सभ्य, ड्रॉइंग रूममध्ये शोभणारा. आज्या-आजोबा हातात रिमोट धरून बोलिंग खेळायला लागले. १० कोटींहून जास्त ‘वी’ खपले.

गोष्ट इथेच संपली असती, तर मी हा लेख लिहिला नसता. २०१६ मध्ये निन्टेन्डोने तो करडा सूट उतरवून ठेवला आणि पुन्हा तोच लालभडक रंग चढवला! २०१७ मध्ये आलेल्या त्यांच्या ‘स्विच’ने १५ कोटींचा आकडा ओलांडला. मोठं झाल्याचं सिद्ध करायची गरज उरली नाही, की माणसाला लाल रंग परवडतो.

‘काय करस रे भाऊ?’

आता हे सगळं मला का सुचतंय? कारण मी जळगावचा, मामाकडचे धुळ्याचे आणि सध्या पुण्यात एका गेम स्टुडिओत आर्टिस्ट आहे. आमच्या लोगोत गोल डोळ्यांचं एक कार्टून मांजर आहे. घरात माझ्या लग्नाचं बघणं चाललंय. आता जोडा हे तिन्ही-चारही मुद्दे!

दिवाळीत देवपुरात मावशीकडे गेलो होतो. शेवभाजीचं ताट पुढ्यात, आणि तिचा अहिराणीतला थेट सवाल, “काय करस रे भाऊ?” म्हटलं, गेम बनवतो. ती खळखळून हसली. “हाई ते पोरेसनं काम शे!” तिचं हसणं गोड होतं, पण तिच्या ओळखीतल्या एका स्थळाचं विचारणं तसं नव्हतं. त्यांनी आईला फोनवर हळूच विचारलं, “गेम म्हणजे तो रमीवाला का हो?”

इथे माझी खरी सटकली. आपल्याकडे गेमची पोरकट इमेज पुसायला पहिले कोण धावले, तर पैसे लावून खेळायला लावणारे अॅप! काळं-सोनेरी डिझाइन, चमचमती अक्षरं, सूट घातलेला हसरा चेहरा. एकदम ‘मोठ्या माणसांचं’ पॅकेजिंग. त्या चकाचक लोगोंमागे किती घरांचे पगार बुडाले, हे जळगावच्या गोलाणी मार्केटपासून धुळ्याच्या आग्रा रोडपर्यंत कुणाला वेगळं सांगायला नको. अखेर ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने कायदा करून पैशांच्या ऑनलाइन गेमवर बंदी घातली आणि त्याच कायद्यात ई-स्पोर्ट्सला वेगळी मान्यता दिली. कायद्याने फरक केला. लग्नाच्या बाजारात तो अजून पोचायचाय.

आईचं म्हणणं, बायोडेटात सरळ ‘सॉफ्टवेअर इंजिनीअर’ लिही. बाबा एसटीतून रिटायर झालेले, मोजकंच बोलणारे. त्यांनी माझं व्हिजिटिंग कार्ड उलटसुलट करून पाहिलं आणि विचारलं, “हे मांजर काढून जरा भारदस्त काही टाकता येणार नाही का?” गंमत म्हणजे त्याच महिन्यात ऑफिसातही हाच प्रश्न आला. गुंतवणूकदार यायचेत, लोगो ‘मॅच्युअर’ करा! काम कुणाकडे? अर्थातच माझ्याकडे.

बाबांना मी ‘राजी’ लावून दाखवला. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सने केलेला, २०२० मध्ये आधी निन्टेन्डो स्विचवर आणि मग इतर मशीनवर आलेला. भावाला शोधत असुरांशी लढणारी मुलगी, आणि गोष्ट सांगणारे दुर्गा आणि विष्णू. बाबा बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, “हे पुण्यात केलं? पोरांनी?” त्या ‘पोरांनी’मध्ये या वेळी टिंगल नव्हती.

भारदस्त म्हणजे काय?

विचार करताना मला आमचं विद्यापीठच आठवलं. १९९० मध्ये जळगावात ते उभं राहिलं, तेव्हा नाव होतं ‘उत्तर महाराष्ट्र विद्यापीठ’. भारदस्त, सरकारी, करडं. २०१८ मध्ये त्याला बहिणाबाई चौधरींचं नाव मिळालं. आसोद्याची लेक, लिहिता-वाचता न येणारी, घरच्या बोलीत ओव्या रचणारी. त्या नावाने आमची पदवी पोरकट झाली का? उलट आता ती कुठल्या मातीतली आहे, हे लगेच कळतं.

म्हणून मी नव्या लोगोचं डिझाइन दिलंय, त्यात मांजर आहे. रेषा कमी केल्यात, सावल्या आणि चमक काढलीय, तीनऐवजी एकच रंग ठेवलाय. मोबाइलवरच्या नखाएवढ्या चौकोनातही ते ओळखू यायला हवं, हे खरं मोठेपणाचं काम. डोळे मात्र गोलच आहेत. मीटिंग पुढच्या सोमवारी आहे. कदाचित ते नापासही होईल.

तुम्हालाही एक फुकटचा सल्ला. कॉलेजातला ‘कूलडूड’वाला ईमेल आयडी रेझ्युमेवरून खुशाल काढा, पण त्याच्याबरोबर स्वतःला काढून टाकू नका. करड्या सूटमध्ये सगळेच सारखे दिसतात.

आणि हो, बायोडेटा गेलाय. व्यवसायाच्या रकान्यात ‘गेम आर्टिस्ट’ असंच लिहिलंय, बाबांच्या सुवाच्य अक्षरात. धुळ्याहून अजून उत्तर आलेलं नाही.