टीव्ही घेताना आतला ट्यूनर पाहून घ्या



उसाचे बिल हाती आले की पुष्कळ घरांत नवा टीव्ही येतो. पडदा किती इंची, रंग कसे, एवढे पाहून आपण पैसे मोजतो. परंतु ज्याच्यामार्फत चित्र येते तो ट्यूनर कोणता, हे सहसा कोणी विचारत नाही. बेणे घेताना आपण आधी जात विचारतो. तसेच इथेही विचारावे, म्हणून आम्ही ही माहिती देत आहोत.

ट्यूनर मुख्यतः दोन प्रकारचे. पहिला जमिनीवरच्या मनोऱ्याकडून लहरी घेतो, दुसरा उपग्रहाकडून. मनोऱ्याच्या लहरी जवळजवळ सरळ रेषेत जातात. मध्ये डोंगर वा दाट जंगल आले, अंतर वाढले, की चित्र जाते.

भामरागड तालुक्यातील हेमलकसा पाहा. बाबा आमटे यांनी 1973 साली तेथे लोकबिरादरी प्रकल्प सुरू केला, तेव्हा तो भाग चंद्रपूर जिल्ह्यात होता; 1982 पासून गडचिरोलीत आहे. भोवती जंगल, शहरे लांब. अशा ठिकाणी मनोऱ्याचा भरवसा काय धरणार? उपग्रह मात्र सुमारे 36,000 कि.मी. उंच. डीडी फ्री डिशचा जीसॅट-15 हेमलकशाहून आग्नेयेला, क्षितिजापासून सुमारे 63 अंश वर पडतो. म्हणजे 40 फुटी साग तबकडीपासून 20-22 फुटांपलीकडे असला तर आड येत नाही. आपल्याकडे पश्चिमेला हा कोन थोडा कमी भरतो, एवढाच फरक.

दूरदर्शनची जुनी भूप्रक्षेपण केंद्रे मोजकी ठिकाणे सोडून 2022 पर्यंत बंद झाली. डिजिटल भूप्रक्षेपण 2016 मध्ये मुंबई, औरंगाबाद धरून 16 शहरांत सुरू झाले. खेड्यांपर्यंत ते आले नाही. तेव्हा "साधा अँटेना लावा, सगळे दिसेल" असे दुकानदार म्हणाला तर भुलू नका. केवळ त्या ट्यूनरसाठी जादा पैसे देऊ नयेत.

आत उपग्रह ट्यूनर असलेल्या संचांसाठी भारतीय मानक ब्यूरोने 2022 मध्ये आयएस 18112 हे मानक काढले. अशा संचाला तबकडीची वायर थेट जोडता येते, वेगळा डबा लागत नाही. फ्री डिशला महिन्याचे भाडेही नाही.

खरेदीपूर्वी एवढे पाहावे :

1. माहितीपत्रकात 'डीव्हीबी-एस2' लिहिलेले असावे. नुसते 'डिजिटल टीव्ही' पुरेसे नाही.
2. एमपेग-2 व एमपेग-4 दोन्ही चालावेत.
3. मागे तबकडीच्या वायरीसाठी फिरकीचे तोंड असावे.
4. दुकानातच तबकडी जोडून सह्याद्री व डीडी किसान लावून दाखवायला सांगावे.
5. घरी खाजगी कंपनीची पैसे भरून घेतलेली डिश असेल तर तिचा डबा लागणारच. मग आतल्या ट्यूनरसाठी जादा पैसे कशाला? जुना टीव्ही चांगला चालत असेल तर फ्री डिशचा डबा घेऊनही काम भागते.

एक गोष्ट ध्यानात ठेवावी. धो-धो पावसात उपग्रहाचे चित्र थोडा वेळ तुटते. पर्लकोटेला पूर आला की भामरागडचा रस्ता बंद पडतो, आणि नेमकी तेव्हाच बातमीची गरज असते. आपल्याकडेही ओढ्या-नदीकाठच्या वस्त्यांची तीच गत. म्हणून टीव्ही कितीही भारी घेतला तरी घरात बॅटरीवरचा रेडिओ असू द्यावा.

तरी सभासदांनी घामाचा पैसा पारखून खर्चावा, ही विनंती.

— ऊस विकास अधिकारी